अवसेला लेकरू निजतं

माझ्या माहेरी पोटातल्या लेकरावर नजर ठेवायची एक रीत होती. सातव्या महिन्यात कासार हिरवा चुडा भरायला आला की त्याच्याकडून एक बांगडी जास्तीची घ्यायची, मनगटापेक्षा मोठी, कोणाच्याच हातात न बसणारी. ती लेकराची बांगडी. बाळंतपण होईपर्यंत ती पोटुशीच्या आईच्या पदराला गाठ मारून ठेवलेली असायची. दुपारची जेवणं झाली की पोटुशीने ओसरीवर उताणं पडायचं, लुगडं पोटावर ताणून घ्यायचं आणि आईने गाठ सोडून बांगडी वर ठेवायची. लेकरू हललं की बांगडी कलायची, घसरायची, कधी ठेच लागल्यासारखी एका अंगाला पडायची. बायका भाजी निवडत भोवती बसलेल्या असत. एखादी म्हणायची, "बापावर गेलंय. जेवल्यावर याला स्वस्थ पडवत न्हाई." मग हसणं व्हायचं, बांगडी पुन्हा गाठीत जायची आणि त्या दिवसापुरती काळजी मिटायची.

या रीतीला एकच अपवाद होता. अमावस्येला बांगडी ठेवायची नाही. अवसेला लेकरू निजतं, त्याला उठवू नये, असं मायने तिच्या मायकडून ऐकलं होतं आणि तिने तिच्या. असं का, हे विचारायची पद्धत नव्हती. मी लहानपणापासून तोंडाळ, त्यामुळे मी विचारलं होतं. माय म्हणाली, "चंद्राला सुटी असती, लेकराला नको?" उत्तर ऐकायला इतकं गोड होतं की त्यावर पुढे कोणाला काही सुचत नसे. गोड उत्तरांचा मला तेव्हापासून राग आहे.

लढाईचे दिवस होते. लढाई कुठे चालली आहे हे आमच्या गावात कोणाला सांगता आलं नसतं, पण रॉकेल मिळत नव्हतं आणि कापड महाग झालं होतं, एवढ्यावरून ती चालू आहे हे कळत होतं. मी पहिलटकरीण म्हणून माहेरी आले होते. आमचं गाव हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या सडकेपासून आत, निजामाच्या हद्दीत. वाशीम इंग्रजांकडे. मध्ये कनेरगावचा जकातनाका. बाईमाणसाला तपासणारी डॉक्टरीण आमच्या बाजूला जवळपास नव्हती, ती वाशीमला होती. पण तिथे कोणी सहज जात नसे. बाळंतपण घरात व्हायचं असतं, दवाखाना हा अडलेल्यांचा, अशी समजूत होती.

नववा लागला आणि पोळा आला. पोळा म्हणजे श्रावणातली अवस. आदल्या संध्याकाळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली, त्यांच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. मी दारात उभी राहून बघत होते आणि एकाएकी माझ्या लक्षात आलं की आज दिवसभरात आपल्याला कोणी आतून ढोसलं नाही. एरवी सांजच्याला तर ते फार धिंगाणा घालायचं. मला वाटलं, कामाच्या गडबडीत आपलंच ध्यान नसेल.

पोळ्याच्या सकाळी उठले ती पोट जड घेऊन. आधी जड नव्हतं असं नाही, पण हे जड वेगळं होतं. कुशीवर वळले की आतलं ओझं माझ्या मागून घरंगळत यायचं आणि खाली टेकायचं. त्याला स्वतःची अशी काही मर्जी उरली नव्हती. घरात पुरण वाटलं जात होतं, धाकटी बहीण बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावताना हात रंगवून घेत होती, आणि मी चुलीपाशी बसून घामाने भिजत होते.

"माय, लेकरू हलून न्हाई राहिलं," मी म्हणाले.

"अवस हाय. निजलंय."

"कालपासून न्हाई हललं."

"काल संध्याकाळीच अवस लागली व्हती." तिने पोळी तव्यावर टाकली. "सणाचं असं बोलू नाही."

दुपारी बैलांची पूजा झाली, पोळ्या चारून झाल्या, बैल तोरणाखालून जाऊन आले. वाजंत्र्याचा आवाज अगदी अंगणात आला तेव्हा मी पोटावर दोन्ही हात ठेवून वाट पाहिली. ढोलाच्या आवाजाने ते नेहमी दचकायचं. दचकलं नाही. मी मायपाशी गेले आणि बांगडी मागितली. तिने पदराच्या गाठीवर हात झाकला, जसं काही मी ती हिसकावणार होते.

"आज न्हाई. उद्या सकाळीच ठेवू. येवढा दिस जाऊ दे."

"आणि तवर काई झालं म्हंजे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तीही घाबरली होती, हे मला त्या क्षणी दिसलं. तिला माझ्या बोलण्याची भीती वाटली असं मी तेव्हा धरलं. आबा गोठ्याच्या दारात होते. मी त्यांना म्हणाले की वाशीमला नेता का. ते बैलांकडे हात करून म्हणाले, "पोळ्याला जू न्हाई ठेवत बाई बैलाच्या खांद्यावर. उद्या उजाडल्याबरोबर निघू, लागलं तर." दोघं वाईट नव्हते. जगात सगळ्यांपेक्षा माझ्यावर त्यांची जास्त माया होती, आणि तो दिवस तसाच गेला.

सकाळी बांगडी ठेवली. ती माझ्या श्वासाबरोबर वर जायची आणि खाली यायची. मायने मला गुळाचं पाणी पाजलं, पायाला थंड पाणी लावलं, पोटाशी तोंड नेऊन हाका मारल्या. मग ती उठली आणि गाडीत गोधड्या टाकायला लागली.

रात्री पाऊस पडून गेला होता. काळ्या रानातली वाट चाकांना चिकटून वर यायची, आबा उतरून काठीने चिखल काढायचे, पुन्हा चढायचे. बैलांच्या शिंगांचा कालचा रंग भिजून कपाळावर ओघळला होता. मी गाडीत आडवी, मायची मांडी उशाला. ती वाटेतल्या प्रत्येक देवाला काहीतरी कबूल करत होती. मी देवाशी बोलले नाही. मी लेकराशी बोलत होते, आणि ते सगळं रागावून, कारण मला दुसरं कसं बोलतात ते येत नव्हतं. उठ म्हणत होते. खूप झालं म्हणत होते.

नाक्यावर आडवा बांबू होता आणि शिपाई. गाडीत पोटुशी बाई बघून त्याचा चेहरा बदलला. त्याला कारण होतं. पोटाला चांदी नाहीतर कापड बांधून बायका नाका ओलांडायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमचीच एक लांबची चुलती सकाळी आठ महिन्यांची होऊन वाशीमला गेली होती आणि दुपारी भर बाजारात मोकळी झाली, एक जरीचं लुगडं आणि चांदीच्या पाटल्या. बायका तिला पुढे वर्षभर जुळ्यांची खुशाली विचारत होत्या. मीही विचारली होती.

"उतरो. औरत की झडती होगी," शिपाई म्हणाला.

"दवाखान्यात नेऊन राहिलो हुजूर," आबा म्हणाले. "पोरीला तकलीफ हाय."

"सबको तकलीफ रहती."

बायकांच्या झडतीला बाजूला कुडाची एक खोली होती आणि तिथे एक बाई बसलेली असे, तंबाखू चघळणारी, वयाने मायएवढी. लुगडं फेडायला लावायचं नाही, एवढी लाज नाक्यानेही राखली होती. ती कापडावरून चाचपायची आणि लेकरू हलेपर्यंत हात ठेवून बसायची. हललं की सुटका. चांदी हलत नाही.

तिने मला बाकावर निजवलं आणि पोटावर हात ठेवला. सगळीकडून दाबून पाहिलं. तिचा हात जाणता होता, लेकरू आहे हे तिला लगेच कळलं असणार. पण हात तिने काढला नाही. वाट पाहत राहिली. बाहेरून शिपायाने हललं का म्हणून विचारलं, "हिला क्या?" मग मायने पदराची गाठ सोडली.

"बाई, बांगडी ठेवते. बांगडीवर लवकर कळतं."

आम्ही तिघी त्या बांगडीकडे बघत होतो. छपरावर पाऊस लागला होता. बांगडी वर जात होती आणि खाली येत होती, ते माझ्या श्वासाने. मला वाटलं, श्वासामुळेच कळत नसेल, म्हणून मी श्वास धरला. मग बांगडी अगदी थांबली.

"हिला क्या?" शिपायाने पुन्हा विचारलं.

झडतीवालीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्या नजरेची मला अजून भीती वाटते, कारण तिच्यात दया होती. ती दाराकडे वळून मोठ्याने म्हणाली, "हिला, हिला. बच्चा है. छोडो गाडी." आणि मायला हळूच, "जा बाई. बिगीनं जा."

मायने बांगडी उचलली. "हललं," ती म्हणाली. "म्या बी पाह्यलं." बाहेर येऊन तिने आबांना सांगितलं, नाक्यावर हललं हो. आबांनी डोळ्यांना पटक्याचं टोक लावलं आणि बैल दामटले. वाशीम येईपर्यंत माय हसत होती, बोलत होती, लेकराला वाटेतली झाडं दाखवत होती. मला बोलता आलं असतं. पण मला वाटलं, दोघींनी पाहिलं म्हणतात, कोण जाणे, श्वास धरताना माझे डोळे मिटले असतील. माणूस असल्या वेळी स्वतःच्या डोळ्यांवरही मेहेरबान होतं.

दवाखान्यात नर्सने लाकडी नळी पोटाला लावून कान दिला. जागा बदलून पुन्हा दिला. तिने विचारलं कधीपासून हललं नाही, तर माझ्या आधी मायच म्हणाली, "आत्ता नाक्यावर हललं की." नर्सने आणखी एकदा कान दिला, मग नळी खिशात ठेवली आणि मायला बाहेर बसायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी बाळंत झाले. मुलगा होता. केस दाट होते, माझ्यासारखे. माय बाहेर असताना नर्स माझ्यापाशी बसली आणि म्हणाली, "नाक्यावर न्हाई बाई. त्याच्या आधीच गेलं ते. बाळाच्या अंगावरून समजतं."

मी हे मायला सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर तिने ती बांगडी ओढ्यात टाकली आणि म्हणाली, "नाक्यापर्यंत जितं व्हतं. दवाखान्यानं मारलं."

पुढे हे वाक्य आमच्या घरात देव्हाऱ्यासारखं कायमचं झालं. भेटायला आलेल्यांना, सोयऱ्याधायऱ्यांना, पाणवठ्यावरच्या बायकांना, सगळ्यांना माय तेच सांगायची. गावातून बाळंतपणासाठी कोणी वाशीमला जाईना. मी संतापाने आतल्या आत जळायचे आणि तोंड मिटून बसायचे, मी, जिला कोणी कधी गप्प करू शकलं नव्हतं. कारण ते वाक्य तिला का लागत होतं ते मला कळत होतं. लेकरू नाक्यापर्यंत जितं असेल, तर पोळ्याचा दिवस वाया गेला नव्हता. पदराच्या गाठीवर झाकलेला तिचा हात निर्दोष होता. पोळ्यालाच निघालो असतो तर ते वाचलं असतं का, हे मला माहीत नाही. कोणालाच माहीत होणार नाही. पण तिला तो प्रश्न नको होता आणि मला तो तिच्यापुढे टाकायचा नव्हता.

काही वर्षं गेली. मला पुन्हा दिवस राहिले नाहीत. धाकटीचं लग्न झालं आणि ज्या साली देश मोकळा झाला त्या साली ती पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. देश मोकळा झाला तो नाक्याच्या पलीकडे. अलीकडे निजामी होती तशीच होती, उलट नाक्यावर बंदुका वाढल्या होत्या आणि लोक दिवस कलला की सडकेवर जात नसत. मला माहेरून बोलावणं आलं नाही. जिचं लेकरू गेलं तिची सावली पोटुशीवर पडू देत नाहीत. मी न बोलावता गेले. पोळ्याच्या दोन दिवस आधी पिशवी घेऊन दारात उभी राहिले तेव्हा माय काही क्षण आडवी उभी होती, मग बाजूला झाली.

पोळ्याच्या सकाळी धाकटी माझ्या कानाशी आली. "आक्का, सकाळपासून लई मंद हाय गं. मायला म्हणलं तर ती म्हणती, अवस हाय."

मी तिला आतल्या खोलीत नेऊन निजवलं आणि माझ्याच हातातली एक बांगडी काढून तिच्या पोटावर ठेवली. अवसेला, आणि माझ्यासारखीने. बराच वेळ पाहिलं. एकदा काहीतरी झाल्यासारखं वाटलं, पण नक्की नव्हतं. मी तशीच उठून चुलीपाशी गेले.

"माय, गाडी जुंपायला सांग. हिला वाशीमला न्यायचं."

तिने वर पाहिलं नाही. "आज पोळा हाय."

"मला ठावं हाय."

"दवाखान्यात न्हाई नेणार म्या माझी पोर. एक येळ नेऊन पाह्यलं. नाक्यापर्यंत जितं व्हतं तुझं, तिथं नेऊन—"

"माय," मी म्हणाले, "नाक्यावर हललं न्हवतं."

पुरणाची पळी तिच्या हातात होती. ती तिने हळूच खाली ठेवली. मला वाटलं ती आता ओरडेल, मला घराबाहेर काढेल. ती चुलीकडे बघत बसली. जाळ कमी झाला तरी तिने लाकूड सारलं नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली. "बांगडी म्या ठेवली व्हती. माझी नजर तिच्यावर न्हवती तं कुठं व्हती?"

इतकी वर्षं मी तिला सांभाळत होते आणि ती मला. तिला वाटत होतं, हललं असं मी धरून बसले आहे आणि त्यावर जगते आहे. माझा राग त्या एका वाक्याने बसला. ती उठून थेट गोठ्यात गेली.

आबा बैलांच्या अंगावर झुली घालत होते. शिंगं रंगवून झाली होती, गळ्यात माळा होत्या. मायने बैलांच्या खुरांवर डोकं टेकवलं, आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या. मग म्हणाली, "माफी मागून घेतली म्या. तुमी जू चढवा."

"आज?" आबा म्हणाले.

"आजच."

गावातून गाडी निघाली तेव्हा लोक तोरणाशी जमले होते. सजवलेले बैल, पाठीवर झूल आणि खांद्यावर जू, असं कोणी कधी पाहिलं नव्हतं. वाजंत्री थांबली. एका म्हाताऱ्याने आबांना हाक मारून विचारलं, "काहून बा, याड लागलं का?" आबांनी मान खाली घातली होती. माय गाडीत ताठ बसली होती आणि एकेकाकडे बघत होती.

नाक्यावर तोच बांबू होता, शिपाई वेगळा होता. बैलांची रंगीत शिंगं पाहून त्याचा संशय आणखी वाढला, सणाच्या दिवशी कोण गाडी काढतं? कुडाच्या खोलीत बाई होती. तीच होती की दुसरी, मला सांगता येणार नाही. तंबाखूचा वास तोच होता. तिने धाकटीला बाकावर निजवून हात ठेवला आणि थांबली. मी भिंतीला टेकले होते. मला तिथून पळून जायचं होतं.

"हिला क्या?" बाहेरून आवाज आला.

मायने पदराची गाठ सोडली आणि बांगडी ठेवली. अवसेला. तिच्या बोटांना ती नीट ठेवता येईना, म्हणून मी ती सरळ केली.

"माय," धाकटी म्हणाली, "हललं का गं?"

मायने धाकटीच्या मानेखाली हात घातला आणि तिचं डोकं उचलून धरलं.

"मला इचारू नको," ती म्हणाली. "तूच बघ."

आम्ही सगळ्या बघत होतो. बांगडी श्वासाबरोबर वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली, खाली आली. मग ती एका बाजूने उचलली गेली, थरथरली आणि उतारावरून घसरत बाकाच्या कडेशी आली. खाली पडून फुटली असती. मी ओंजळ पुढे केली आणि ती माझ्या हातात पडली.

बाहेरून शिपाई पुन्हा विचारत होता. झडतीवाली मायकडे बघत होती. माय जमिनीवर बसली होती आणि माझ्या मुलाच्या दाट केसांचं बोलत मोठ्याने रडत होती, जशी ती तेव्हा एकदाही रडली नव्हती. मी तिच्यापाशी बसले. शेवटी धाकटीनेच बाकावरून हाक देऊन शिपायाला सांगितलं, हललं.